नकाशेकाकांची सरळ रेषा

नकाशेकाकांच्या मागच्या अंगणाचा उतार उलटा होता. धुणं झालं की साबणाचं पाणी बाहेर जायच्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबायचं आणि काकू ते रोज खराट्याने परत लोटायच्या. एकवीस वर्षं लोटल्यावर एका सकाळी त्यांनी खराटा नवऱ्याच्या हातात दिला आणि त्या आत निघून गेल्या. काकांनी त्याच दिवशी खोदकामवाल्याचा शोध सुरू केला.

काका पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात एकतीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झाले होते. गल्लीत कुणी कुदळ उचलली की काका न बोलावता हजर व्हायचे आणि जमिनीखाली काय आहे ते सांगायचे. लोक मान डोलवायचे, कारण जमिनीखाली बघितलं होतं कुणी?

दोन ठेकेदारांनी फोनच उचलला नाही. शेवटी शेजारच्या शिंप्याने मशीनताईंचं नाव सुचवलं. ताई चाळिशीच्या, डोक्याला रुमाल बांधून आपलं छोटं खोदकामाचं मशीन स्वतःच चालवायच्या. बाईमाणूस खोदणार म्हटल्यावर काकांनी जरा नाक मुरडलं, पण खराटा अजून त्यांच्याच वाट्याला होता.

ताई आल्या, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि पाण्याचा पाइप कुठून जातो ते विचारलं. गल्लीची मुख्य लाइन घरांच्या मागून जायची. काका याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी कपाटातून नकाशा आणून धुण्याच्या दगडावर पसरला. भिंतीपासून तीन फुटांवर, पट्टीसारखी सरळ रेषा. ताईंचं म्हणणं पडलं की कागदावर पाइप सरळ जातात, मातीत जातातच असं नाही. अर्धा दिवस हाताने उकरून बघू आणि मग मशीन लावू.

"ताई, खाली सही कुणाची आहे ती वाचा," काका म्हणाले.

ताईंनी वाचली. "तुमची."

"मग?"

"मग तुम्ही म्हणाल तसं. अंगण तुमचं आहे."

दुसऱ्या दिवशी साडेआठला काम सुरू झालं. काकांनी खुर्ची टाकली आणि हाताने इकडे, तिकडे असं दाखवू लागले. भिंतीपासून चांगलं आठ फूट अंतर राखून त्यांनी जागा नेमून दिली. मशीनची बकेट तिसऱ्यांदा खाली गेली आणि जमिनीतून खोकल्यासारखा आवाज आला. पुढच्याच क्षणी पाण्याचा खांब भिंतीच्या वर चढला आणि तिथून वाकून शिंप्याच्या दोरीवर पडला. दोरीवर इस्त्री करून लटकवलेले सहा कोट होते. ते दुपारी गिऱ्हाइकाकडे जायचे होते.

काका धावले ते पाणी बंद करायच्या झडपेकडे. नकाशाप्रमाणे झडप कोपऱ्यावरच्या खांबापाशी होती. शिंप्याने पहारीने झाकण उचललं, तर आत टेलिफोनच्या तारा. काकांनी दुसरं झाकण दाखवलं. त्यातून जो वास आला त्यावरून ते कशाचं आहे हे कुणी विचारलं नाही. एवढ्यात समोरच्या घरातून निवृत्त मुख्याध्यापिका बाई डोक्यावर साबणाचा फेस घेऊन फाटकात आल्या आणि नळ का गेला ते सगळ्यांना मिळून विचारू लागल्या. झडप शेवटी ताईंनाच सापडली, काकांच्याच फाटकाशी, कुंडीखाली.

पाणी थांबलं. मग सगळे काकांच्या अंगणात गोळा झाले आणि हे कुणामुळे झालं, असा प्रश्न निघाला. काकांनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी ताईंनी रुमालाने चेहरा पुसला आणि शांतपणे सांगितलं, "माझा अंदाज चुकला. दुपारपर्यंत जोडून देते."

काकांनी तोंड मिटलं.

दुपारी नळ आले. ताईंनी शिंप्याचे कोट स्वतः पिळायलाही मदत केली. मुख्याध्यापिका बाईंवर याचा फार परिणाम झाला. हल्ली आपली चूक एका वाक्यात कबूल करणारं माणूस दिसत नाही, असं म्हणून त्यांनी आपल्या बागेचं काम ताईंना देऊन टाकलं. शिंप्यानेही परसातला खड्डा भरायचं काम दिलं. जाता जाता तो काकांकडे वळला.

"काका, तुम्ही एवढे जाणकार. तिला तुमचा नकाशा तरी दाखवायचा होता."

हे वाक्य काकांच्या डोक्यातून जाईना. जेवताना ते अर्ध्या ताटावरून उठले. काकूंनी कारण विचारलं नाही, हे आणखी वाईट, कारण त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकलं होतं. काकांना ती जुनी दुपार आठवत होती. साहेबांना संध्याकाळपर्यंत नकाशा हवा होता, ऊन मी म्हणत होतं आणि जागेवर जाऊन मोजायचा कंटाळा आला होता. त्यांनी टेबलावर पट्टी ठेवली, रेघ ओढली आणि चहा मागवला. अशा आणखी किती रेघा होत्या, ते त्यांनी मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी अंगणाचा उतार सुलटा झाला. शिंपी आणि मुख्याध्यापिका बाई आपापल्या कामाचा दिवस ठरवायला आल्या होत्या. काका मधोमध उभे राहिले आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. नकाशा, सही, ती पट्टी, तो चहासुद्धा. सांगून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्यांनी मान वर केली. लोक त्यांच्याकडे बघतच नव्हते. सगळे ताईंकडे बघत होते.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात?" बाईंनी विचारलं. हाच आवाज त्यांनी शाळेत वापरला असणार.

ताईंनी मशीन बंद केलं. "पाणी उडत असताना चूक कुणाची, हे ठरवत बसलो असतो तर भिंत गेली असती." मग त्या काकांकडे वळल्या. "काका, खरं बोलणारी म्हणून मला दोन कामं मिळाली होती. चार दिवस थांबला असतात तर ती झाली असती."

काकांना वाटलं, आता जमिनीनेच आपल्याला पोटात घ्यावं; पण ती नुकतीच सपाट केलेली होती. ते बोलून गेले की मी येतो मदतीला, घमेली उचलायला, फुकट. ताईंनी त्यांच्या दंडांकडे एक नजर टाकली. मुख्याध्यापिका बाईंनी बराच विचार केला आणि काम कायम ठेवलं, काका येणार असतील तरच.

सोमवारी आठ वाजता काका बाईंच्या बागेत कोपरापर्यंत चिखलात होते. स्कूटरवरून चाललेले एक गृहस्थ फाटकाशी थांबले. त्यांनी ताईंना आपल्या अंगणाचं काम कधी जमेल ते विचारलं, आणि मग त्यांची नजर घमेल्याखाली वाकलेल्या म्हाताऱ्याकडे गेली.

"आणि हे?"

"नवीन आहेत," ताई म्हणाल्या. "शिकतायत."

काकांनी त्यात काही दुरुस्ती सुचवली नाही. त्यांनी घमेलं खांद्यावर घेतलं आणि माती नेमकी कुठे टाकायची, ते विचारलं.