मालकांनी बोलावले आहे

आपली आपण चालणारी गाडी मी घेतली ती सेकंडहँड. पण पारखून हं! बॅटरी तपासली, टायर चाचपले, सीटवर बसून उड्यासुद्धा मारल्या. मला कोण फसवणार?

परवा दुपारी सासूबाईंना डोळे तपासायला नेत होतो. स्टिअरिंगला हात न लावता, रुबाबात! एकाएकी चौकात गाडी गर्रकन उलटी वळली. दारं खट्‌कन लॉक झाली.

"जावईबापू, दवाखाना उजवीकडे राहिला."

"गाडीला जवळचा रस्ता माहीत असतो, आई!"

तेवढ्यात स्क्रीनवर अक्षरं उमटली : 'मालकांनी बोलावले आहे.'

मालक तर मी! मग बोलावतंय कोण? ब्रेक दाबला. गाडी ढिम्म! फोनवरून बंद करायला गेलो, तर 'आपल्याला परवानगी नाही.'

"थांब!" मी किंचाळलो.

"आपली विनंती मालकांना कळवली आहे," गाडी मधाळ आवाजात म्हणाली.

"पळवलं हो आम्हाला!" सासूबाईंनी काच बडवली. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी हसून टाटा केला!

गाडी पुलावर चढली. खाली काळंभोर पाणी. कुणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून आम्हाला खेळण्यासारखं चालवतंय, त्याच्या मनात आलं तर एका बोटाने कठड्यावरून खाली! सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. लग्नाला अकरा वर्षं झाली, असं पहिल्यांदाच घडत होतं.

पूल संपला. गाडी एका दातांच्या दवाखान्यापुढे अलगद थांबली. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आम्हाला बघून दचकल्याच.

"अगंबाई! माझी जुनी गाडी तुम्ही घेतलीत होय? नवीला बोलवायला गेले आणि हिचं बटण दाबलं! फोनमधून काढायचीच राहिली बघा."

मी हुश्श केलं. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं.

"तुमची काळजीच वाटायची हो. फोनवर दिसायचं ना, कधीकधी अख्खा दिवस गाडी तळ्याकाठी उभी! फोन कानाला लावला, तर गाडीच्या आतून नुसता घोरण्याचा आवाज. गेल्या शनिवारीसुद्धा."

सासूबाईंनी माझा हात सोडला.

"शनिवारी? मी आले होते त्या दिवशी? ऑफिसात जादा काम होतं ना?"

डॉक्टरीणबाईंनी आमच्यासमोर गाडी फोनमधून काढून टाकली. परतीच्या वाटेवर गाडी अगदी गुणी बाळासारखी चालली. घराजवळ आल्यावर सासूबाईंनी लेकीला फोन लावला.

"आम्ही पोचतोय. तू हातातलं काम ठेव आणि जरा बसून घे."