साडेतीनचे दोन कसे वाजले

जहाजावरच्या तयार सहली घ्यायच्या नाहीत, आपल्या सहली आपण आखायच्या, एवढं साधं मी ठरवलं होतं. याहून मोठे मूर्खपणे मी केलेले आहेत. एकदा पोहायला शिकवणाऱ्यालाच मी "मला येतं" असं सांगून खोल पाण्यात उडी घेतली होती. पण तेव्हा मी एकटा बुडत होतो. या वेळी बरोबर बायको आणि सासूबाई होत्या.

माझाही काही मान आहे हो. शहराच्या बस आगारात मी सत्तावीस वर्षं वेळापत्रकं करतो. रोज सकाळी ऐंशी गाड्या माझ्या कागदावरून बाहेर पडतात आणि संध्याकाळी माझ्या कागदावर परत येतात. (मधल्या काळात त्या कुठे असतात ते प्रवाशांना विचारा. मला विचारू नका.) अशा माणसानं छातीवर सात नंबरचा बिल्ला लावून कुणाच्या तरी छत्रीमागून चालायचं?

"काका, बंदरं चार आहेत," सहलींच्या काउंटरवरची मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, "आणि प्रत्येक ठिकाणी वेळ थोडा असतो. परत यायला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. आमच्या सहलीला उशीर झाला तर मात्र थांबतं."

"ताई," मी म्हणालो, "मी आगारात आहे."

ती गप्प झाली. मला वाटलं, दबली. (तिला आगार म्हणजे धान्याचं वाटलं होतं, हे नंतर कळलं.)

बायकोनं सगळ्या प्रवासात एकच गोष्ट मागितली होती. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. मापाची टेप गळ्यात आणि टाचण्या ओठांत, त्यामुळे ती कमी बोलते. आमचा संसार टिकला तो त्या टाचण्यांवर. दुकानात तिच्या मशीनसमोर, बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा मासिकातून कापलेलं एक चित्र लावलेलं आहे. एक भलंमोठं दालन, जमिनीभर पसरलेलं जहाजाचं शीड, आणि त्या शिडाच्या मधोमध एका माणसाचं फक्त डोकं आणि खांदे. बाकीचा माणूस जमिनीत. बारा वर्षं ती त्या चित्राकडे बघून गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करते आहे.

"मशीन खड्ड्यात बसवलेलं असणार," ती म्हणायची. "पण एवढं कापड सरकवतो कसं? आणि शिवण वळवतो कशी?"

तो कारखाना आमच्या तिसऱ्या बंदरात होता. खरं सांगायचं तर त्या बंदरासाठीच तिनं हे जहाज निवडलं होतं. बाकीची तीन बंदरं आणि नवरा ही वरची भर. बाहेरच्या लोकांना तिथे दुपारी एकनंतर आत सोडतात, एवढं तिनं दोन महिने आधीच पत्र पाठवून विचारून ठेवलं होतं.

"तेवढं एक बसवा," ती म्हणाली. "मग बाकी कुठेही न्या. कुठेही बसवून ठेवलंत तरी चालेल."

मी बसवलं. आधी वहीत कच्चं वेळापत्रक केलं. मग मोठ्या कागदावर पक्कं केलं, तीन रंगांत. मग त्याची खिशात मावणारी छोटी प्रत काढली आणि तिला प्लास्टिकचं आवरण घातलं. बंदरातलं प्रत्येक मिनिट जागच्या जागी होतं. "फोटो – तीन मिनिटं." "कौतुक – चार मिनिटं." "सासूबाईंचा पाय – सहा मिनिटं."

पहिल्या बंदरात आम्ही अकरा स्थळं पाहिली. पाहिली म्हणजे ओलांडली. परतताना मी सासूबाईंना विचारलं, "काय आवडलं?"

"तुमची पाठ," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून तेवढीच दिसली."

दुसऱ्या बंदरात आम्ही सगळीकडे इतके लवकर पोचलो की तीन ठिकाणी दार उघडायला आलेल्या माणसाला आम्हीच सुप्रभात म्हणालो. आणि जहाजावर परतलो तेव्हा धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. "बघ," मी बायकोला म्हणालो, "पहिला नंबर." बायकोनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला कौतुक दिसलं. (माझा चष्मा त्या वेळी खिशात होता.)

तिसरं बंदर उजाडलं. त्या दिवशी बायको माझ्याआधी तयार होऊन दारात उभी होती. पर्समध्ये आपली कात्री आणि बोटात घालायचा अंगुस्ताना. "कात्री कशाला?" मी विचारलं. "असू दे," ती म्हणाली. डॉक्टर माणूस लग्नाला जाताना गळ्यात नळी घालत नाही, पण हिचं वेगळं आहे.

सकाळची स्थळं वेळेत उरकली. घड्याळाचा मनोरा, जुना बाजार, नांगरांचं संग्रहालय. (एकशे दहा नांगर. एका नांगराला दहा सेकंद.) मग टॅक्सी केली आणि तिथे घोटाळा झाला. बंदरातला पूल एका बोटीला वाट द्यायला मधोमध वर उचलला गेला, आणि आम्ही उभ्या रस्त्याच्या भिंतीसमोर वीस मिनिटं बसून राहिलो. हा पूल माझ्या एकाही प्रतीत नव्हता.

कारखान्याच्या दाराशी उतरलो तेव्हा एक वीस झाले होते. मी खिशातली प्रत काढली. जहाजावर हजर – दोन. परतीचा रस्ता, टॅक्सी नाही मिळाली तर, अर्ध्या तासाचा. आत आत्ता गेलं तर वाट्याला दहा मिनिटं, त्यातली सहा सासूबाईंच्या पायाची.

"निघायला हवं," मी म्हणालो.

बायको दाराशी चपला काढत होती. आत सगळे मोज्यांवर चालतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. जमिनीवर कापड पसरलेलं असलं की चपला काढायच्या, हे तिला उपजत कळतं.

"अगं, दोनला जहाज सुटतंय. आपण राहिलो तर इथेच राहू. ना ओळख ना पाळख."

"मग तुम्ही पुढे जा," ती म्हणाली, अगदी गिऱ्हाइकाला गुरुवारी या म्हणावं तशी. "जाऊन जहाज थांबवा."

"जहाज कसं थांबवायचं?"

"तुम्ही आगारात आहात."

आणि ती आत गेली. सासूबाई तिच्यामागोमाग. माझ्यासमोर दोन चपलांचे जोड उरले.

मंडळी, त्या क्षणी मी जो काही पळालो. पोट पुढे, मी मागे, आणि प्लास्टिकची प्रत हातात तलवारीसारखी. टॅक्सी मिळेना. एका भाजीच्या हातगाडीला मी ओव्हरटेक केलं. मग तिनं मला केलं. मनात एकच चित्र होतं: जहाज निघालंय, कठड्याला मी उभा आहे, आणि धक्क्यावर ही, पर्समध्ये कात्री घेऊन, लहान लहान होत चालली आहे. पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिच्यासाठी एक गोष्ट बसवायची होती, आणि मी तिला परक्या गावात जमा करून आलो होतो. शिडीपाशी पोचलो तेव्हा दोनला पाच कमी होते. मी पहारेकऱ्याचा दंड धरला.

"थांबवा," मी म्हणालो. "कॅप्टनला सांगा. माझी बायको शिडात आहे."

"साहेब, बसा आधी."

"बसायला वेळ नाही. दोनला सुटतंय."

"काय सुटतंय?"

आमचा आवाज ऐकून काउंटरवरची ती मुलगी आली. माझ्या हातातली प्रत तिनं उलटसुलट करून वाचली. चेहरा मात्र सरळ ठेवला, शिकलेली मुलगी.

"काका, हजर व्हायची वेळ साडेतीन आहे."

"दोन. लिहिलंय."

"कुणी?"

"मी."

"आणि तुम्ही कशावरून लिहिलंत?"

आता इथे मला आमच्या आगाराची एक रीत सांगायला हवी. ड्रायव्हर मंडळी वेळेवर येत नाहीत, हे गृहीत असतं. म्हणून वेळापत्रकाची नवी प्रत काढणारा माणूस हजेरीची वेळ गुपचूप अर्धा तास अलीकडे ओढतो. हे कुणी कुणाला सांगत नाही, शिकवत नाही. हात आपोआप लिहितो. म्हणजे जहाजाच्या कागदावरचे साडेतीन वहीत उतरले ते तीन म्हणून. वहीतले तीन मोठ्या कागदावर गेले ते अडीच म्हणून. आणि अडीचचे, खिशात येता येता, दोन झाले. सत्तावीस वर्षांच्या अनुभवाचा एक पैलू असा, की मी स्वतःलाच तीनदा ड्रायव्हर समजलो होतो.

"आमच्या सहलीतली माणसं अजून जेवतायत," मुलगी हळूच म्हणाली. "तुम्हाला टॅक्सी बोलावू का?"

सव्वादोनला मी कारखान्याच्या दारात परत उभा होतो. चपला काढल्या. आत गेलो.

आणि मंडळी, इथे जरा थापा बाजूला ठेवून सांगतो. दालन एवढं, की आमच्या आगारातल्या बारा गाड्या आत वळल्या असत्या. फरशी लाकडी, इतकी गुळगुळीत की तिच्यात खिडक्या दिसत होत्या. त्यावर सायीच्या रंगाचं शीड पसरलेलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि त्याच्या मधोमध, खांद्यांपर्यंत जमिनीत, माझी बायको.

मशीन चालू होतं. ती कापड ओढत नव्हती, ढकलतही नव्हती. नुसता तळहात ठेवून वाट दाखवत होती, आणि एवढं मोठं शीड तिच्याकडे सरकत येत होतं, जणू त्यानं तिला विचारलंय, कुठे जाऊ? नागमोडी टीप पडत होती, एकेक टाका दुसऱ्याच्या तोलाचा. कडेला चार कारागीर मोज्यांवर उभे होते, हात मागे बांधून. दुकानात ती मान खाली घालून शाळेचे गणवेश उसवते तेव्हा मी शेजारी चहा पीत बसलेलो असतो. पंचवीस वर्षं मी एवढ्या जवळून हे बघत होतो आणि मला काही दिसलेलं नव्हतं.

सासूबाई कापडाच्या एका गुंडाळीवर बसल्या होत्या. "आलात," त्या म्हणाल्या. "थांबलं का जहाज?"

"थांबलं," मी म्हणालो.

"हिनं काय केलं माहितीये? आल्या आल्या वाकली आणि शिडाची उलटी बाजू बघायला लागली. तो म्हातारा मालक आहे ना, त्यानं ते बघितलं आणि खड्ड्यातल्या माणसाला उठवलं. म्हणे, लोक येतात ते वरून बघतात. उलटी बाजू बघणारा गेल्या दहा वर्षांत कुणी आला नाही."

"त्यांची भाषा तुम्हाला कळली?"

"नाही. पण म्हातारा हात जोडून बोलत होता, आणखी काय म्हणणार?"

शिवण संपली. बायकोनं पर्समधून आपली कात्री काढली आणि धागा कापला. म्हाताऱ्यानं ती कात्री हातात घेऊन तोलली, पात्यांमधून उजेड बघितला आणि मान हलवली. मग तो तिला हाताला धरून खड्ड्यातून वर काढायला वाकला, तर कारागीरही वाकले. पाच माणसं एका बाईला वर काढत होती. मी सहावा होतो. मला जागा मिळाली नाही.

"साडेतीनला आहे जहाज," मी तिला बाजूला घेऊन सांगितलं.

"माहितीये."

"माहितीये?"

"रोज सकाळी जहाजाचा कागद दाराखालून येतो. मी वाचते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चौथी प्रत काढली असती."

"पण मला पळायला का लावलंस?"

"तुम्ही इथे शेजारी उभं राहून मिनिटं मोजली असती. मला बारा वर्षांनी मशीन दिसत होतं." ती कात्री पुसून आत ठेवत म्हणाली, "मीसुद्धा शिवणीत माया सोडते, बोटभर जादा कापड. सोडायलाच हवी. पण एकदा. तीनदा सोडली की झबल्याचा तंबू होतो."

मी तोंड उघडलं; तेवढ्यात म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवून बायकोला खुणेनं विचारलं: आणि हे काय करतात?

बायकोनं क्षणभर विचार केला. बसचं वेळापत्रक खुणेनं कसं सांगणार? तिनं आधी मनगटावर बोट ठेवलं, मग माझ्याकडे दाखवलं, मग दोन्ही हातांनी "खूप, खूप वर्षं" असं केलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग लगबगीनं शिडी लावून भिंतीवरचं एक जुनं घड्याळ उतरवलं, फुंकर मारून धूळ उडवली, मला सासूबाईंशेजारी बसवलं आणि फार आदरानं ते माझ्या मांडीवर ठेवलं. शेजारी एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर ठेवला. घड्याळ बंद होतं.

"आता नाही म्हणू नका," बायको कुजबुजली. "त्यानं मला खड्ड्यात बसू दिलं."

मी नाही म्हणालो नाही. तीन वाजेपर्यंत मी त्या घड्याळावर वाकून, भुवया गंभीर करून, स्क्रू-ड्रायव्हर कानापाशी धरून बसलो. पलीकडे बायको आणि म्हातारा गुडघ्यांवर बसून एकमेकांना शिवणी दाखवत होते, आणि म्हाताऱ्याला मी कामात आहे असं वाटत होतं. निघताना मी घड्याळ परत दिलं. म्हाताऱ्यानं ते कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं, मग माझा खांदा थोपटला आणि बायकोला खुणेनं काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाला?" टॅक्सीत मी विचारलं.

बायकोनं खिडकीबाहेर बघितलं. सासूबाईंना मात्र राहवलं नाही.

"म्हणाला, हिचं काम जमलंय, हिला तो उद्यापासून ठेवून घेईल. तुम्हाला अजून काही दिवस शिकवावं लागेल."