उन्हाळ्याचे नाव न घेणाऱ्या नगरातील बागा

जो बीजात झाड ठेवितो आणि झाडात सावली ठेवितो, त्यास प्रथम नमन करून लेखनास आरंभ केला. पाठशाळेतील मुलांनी पुसिले की आपल्या नगरात घरोघर बागा आहेत त्या कोणी आखिल्या, आणि दोनदा का आखिल्या. मुलांनी चांगले पुसिले. हकीकत सावकाश ऐकावी.

शके सतराशे तेवीस, दुर्मति नाम संवत्सर. त्या काळीही नगर समुद्रापासून दोन कोस आत होते आणि मध्ये टेकाड, त्यामुळे समुद्राचा वारा पलीकडेच राही. या मुलखी पाऊस थंडीत पडतो आणि चैत्रापासून भाद्रपद सरेपर्यंत आभाळातून थेंब येत नाही, हे मुलांस ठाऊक आहे. परंतु त्या वेळच्या लोकांची एक रीत ठाऊक नसेल. पहिला पाऊस पडला की फाल्गुनापर्यंत कोणी उन्हाळ्याचे नाव काढीत नसे. नाव घेतले तर तो लवकर येतो, ऐसी समजूत. कोणी चुकून बोललाच तर त्यास पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्यावर ओतावा लागे आणि शेजारीण आठ दिवस त्याचे तोंड पाहत नसे.

त्या साली महाराजांच्या मनात आले की प्रजेच्या प्रत्येक कुटुंबास सुरेख बाग असावी, आणि मग समुद्रकाठचे बागा आखणारे त्रिंबकपंत यांस बोलावून शेला दिला आणि नगरी रवाना केले. पंत मनाचे मऊ, मुलांस ओंजळभर बोरे दिल्याशिवाय कोणाचे अंगणात शिरत नसत. ते पौषात आले आणि घरोघर जाऊन पुसते जाहले की बागेत काय हवे. गारठा कडक होता. जो तो म्हणे ऊन हवे, मोकळे हवे, बसावयास दगडी ओटे हवेत. पंतांनी सर्वांचे ऐकिले, आणि पंतांची चूक ऐकण्यात नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

मग ते सटवोजी आणि येसाजी या सख्ख्या भावांचे घरी आले. विहिरीचा रहाट कोणी मोडिला यावरून दोघांचा अबोला पडला होता, चुली वेगळ्या जाहल्या होत्या, आणि मधल्या अंगणात वडिलांनी लाविलेली तुती तेवढी दोघांची होती. उन्हाळ्यात खोल्या भट्टीसारख्या तापत, तेव्हा दोन्ही चुलींची माणसे तुतीखाली जेवावयास येत. भाऊ पाठ करून बसत. परंतु मीठ मागावे लागे, पाणी मागावे लागे, आणि मग बोलणे होई, आणि पोरांचे हात तुती खाऊन जांभळे जाहले की दोघे एकाच वेळी रागे भरत. पाने गळाली की पुन्हा आपापल्या चुलीशी जात. त्यांची आत्या लाडूबाई दोघांचे घरी पाळीने जेवीत असे, आणि दरसाल अबोला थोडा आखूड होतो हे तिने जोखिले होते.

भावांनी पंतांस वेगवेगळे गाठून ऊनच मागितले. तुती त्या समयी उघडीबोडकी उभी होती. लाडूबाई पुढे होऊन बोलिली, "पंत, हे झाड राहू द्या. कारण पुसू नका, कारण सांगण्याचा हा महिना नव्हे."

पंत हसून म्हणाले, "आत्याबाई, ज्या कारणास नाव नाही ते मी नकाशात कोठे लिहू?"

"लिहू नका. तेवढी जागा सोडा," ती म्हणाली.

पंतांस वाटले, म्हातारीची माया आहे. त्यांनी झाड पाडविले, लाकूड दोन्ही चुलींस सारखे वाटून दिले, आणि ते उत्तम जळाले, आणि त्या रात्री सर्वांनी पंतांस दुवा दिला.

मग हिरवळ लाविली, गुलाब लाविले, ओटे दक्षिणेकडे तोंड करून बांधिले. फाल्गुनात महाराज पाहून प्रसन्न जाहले. आणि मग वैशाख आला. ओटे तव्यासारखे तापले, हिरवळ पिवळी पडली आणि पाठोपाठ गेली, आणि घरोघर दारे लाविली गेली. सटवोजी आपल्या खोलीत जेवू लागला, येसाजी आपल्या. मीठ मागावयास कोणी उरले नाही.

पंतांनी ते पाहिले आणि ते भर दुपारी अनवाणी त्या अंगणात उभे राहिले, आणि पाय पोळले तेव्हा उमजले की तुती थंडीत पाने टाकून ऊन आत येऊ देत होती आणि तलखीत पाने धरून अडवीत होती, म्हणजे भावांनी जे ऊन मागितले ते झाड आधीच देत होते. ते लाडूबाईस म्हणाले, "आत्याबाई, स्पष्ट का बोलिला नाहीत?" ती म्हणाली, "गाव म्हणाले असते, लाडीने उन्हाळा आणिला. भ्याले मी, पंत."

मग पंतांनी कापडाचे छत बांधिले, ते वाऱ्याने नेले. मांडवावर द्राक्षवेल चढविला, भिंतीशी जैतून आणि डाळिंब लाविले, हिरवळीचे जागी खडी पसरली, आणि मध्ये तुतीची फांदी रोवून स्वहस्ते पाणी घातले. झाड आपल्या चालीने वाढते, महाराजांचा हुकूमही त्यास धावविणार नाही. पाचव्या थंडीत सटवोजी छातीच्या दुखण्याने वारला. येसाजी दारापर्यंत गेला होता, आत गेला नाही.

पुढे तुतीची सावली अंगणभर पडली. दोन्ही चुलींची माणसे बाहेर येऊन बसली. येसाजी सवयीने पाठ फिरवून बसला, आणि मग पाठीमागे पाहिले.

"सावली उत्तम जाहली, पंत," तो म्हणाला. "आता अबोला कोणाशी धरू?"

त्यानंतर पंत दर पौषी घरोघर जाऊन, उन्हाळ्यात कोठे बसता, ऐसे मोठ्याने पुसत. लोक कानांवर हात ठेवीत, आणि मग हलकेच आत नेऊन सांगत. येणेप्रमाणे रीत मोडली आणि बागा दुसऱ्यांदा आखिल्या गेल्या. बागा चांगल्या आहेत. सटवोजीस त्यांचा उपयोग जाहला नाही. जैसे ऐकिले तैसे लिहिले.