बारावा थर

"मॅडम, तुम्ही अकरा थर म्हणाला होतात, फाइलीत बारा निघाले. बाराही कापून बसवलेत. काळजी नको!"

कागद कापणाऱ्या कार्लचा हा फोन आला, तेव्हा ब्रिटा अमेरिकेतल्या डलूथ गावच्या ग्रंथालयात उभी होती. समोर तिचं चित्र चादरीखाली टांगून तयार होतं. अनावरणाला दहा मिनिटं होती.

ब्रिटा कॉम्प्युटरवर चित्रं काढायची. त्रिकोण, वर्तुळं, पट्टे; रंगीत कागद कापून एकावर एक रचल्यासारखे. सावल्यासुद्धा खोट्या. या वेळी मात्र तिचे साहेब, वर्लिन हॉगेन, हट्टाला पेटले होते की चित्र खऱ्याखुऱ्या कागदातच कापायचं.

बारावा थर कुठला, हे तिला विचारावं लागलं नाही. साहेबांनी निळा रंग सातव्यांदा नापसंत केला, त्या दुपारी तिनं चिडून सगळ्यात खाली साहेबांनाच काढलं होतं. लोंबता त्रिकोण म्हणजे नाक, दोन फटी म्हणजे डोळे, हनुवटीखाली आणखी दोन हनुवट्या. मग तो थर लपवला आणि विसरून गेली.

"अहो, तो लपवलेला होता!"

"मग पुसायचा ना! आम्ही फाइलीत असेल ते कापतो."

ब्रिटानं फोन ठेवला. चित्रामागचा दिवा लागला की कागदांतून सगळ्यात खालचा थर उजळणार, आणि नोकरी गेलीच म्हणायची. तिनं हळूच दिव्याचा प्लग काढला.

"अगं, वायर निघालीय बघ!" साहेबांनी स्वतः वाकून ती लावली.

"साहेब, आज नको. चित्र अजून ओलं आहे."

"कागद ओला?"

चादर ओढली गेली. दिवा लागला. सर्वांत आधी नाक उजळलं.

साहेबांनी जवळ जाऊन मान तिरकी केली. "हा कोण गं?"

"को... कोणी नाही. नुसते आकार."

"मला शिकवतेस? हा माझा मेहुणा ड्वाइट! तेच नाक, तोच मख्खपणा!" साहेब पोट धरधरून हसले. "कमाल केलीस! आता पुढच्या चित्रात मला काढ. पण हुबेहूब हं!"

तेवढ्यात साहेबांच्या पत्नी, मार्लिस, ब्रिटाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. चित्राकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

"माझ्या भावाचं नाक एवढंसं आहे," त्या कुजबुजल्या.

ब्रिटा पुन्हा प्लगकडे वाकली.

"छत्तीस वर्षं रोज सकाळी हा चेहरा बघतेय मी. वाईट नाही जमलेला." डलूथमध्ये याहून मोठी स्तुती कोणी करत नाही. "फक्त कान जरा मोठे हवे होते."