आमच्या गेटपाशी चेरी पिकते तेव्हा

झाड ओळखण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या हडपसरात कुणी नाही! हे मी नाही म्हणत, आमच्या सोसायटीतले लोक म्हणतात. म्हणजे, म्हणायचे.

खरं सांगतो, घरात मला कुणी काही विचारत नाही. भाजी कोणती, टीव्हीवर काय लावायचं, पाहुणे कधी येणार, सगळं परस्पर ठरतं. ऑफिसातही तीच तऱ्हा. पण मी सोसायटीचा बागप्रमुख झालो आणि माणसं मला जिन्यात अडवून विचारायला लागली, "महिपतराव, ही कसली हो वेल?" मी पान चुरगळून वास घ्यायचो आणि धाडकन नाव सांगायचो. काय सुख होतं त्यात! ते पद गेलं असतं तर मी पुन्हा नुसता दुधाच्या पिशव्या आणणारा माणूस उरलो असतो.

तर झालं असं, की मार्केट यार्डाहून येताना एका नर्सरीत मला ते रोप दिसलं. जेमतेम गुडघ्याएवढं, आणि अंगभर गोट्यांसारखी गोल, चकचकीत, जांभळी फळं! नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, ही शोभेची..."

"मला सांगताय?" मी त्याला तिथेच गप्प केलं.

कुंडी आणून सोसायटीच्या गेटपाशी ठेवली, वास घेतला आणि जाहीर केलं, "जांभळी चेरी!"

आमची हेमा शेजारीच उभी होती. "अहो, पानं तर मिरचीसारखी दिसतायत."

"हेमा, मिरची लांब असते. ही गोल आहे. मिरची हिरवी असते. ही जांभळी आहे. अजून काय पुरावा हवा?"

"काही नको. तुम्ही म्हणताय ना, मग झालं," म्हणून ती वर निघून गेली. नवरा-बायकोत हे वाक्य आलं की शहाण्या माणसाने थांबावं. मी थांबलो नाही. मी पाटी लावली: 'जांभळी चेरी. दुर्मीळ आहे. बघून झाल्यावर पुढे जावे.'

मग चुलतभावाच्या मुलीच्या लग्नासाठी मी लोणी काळभोरला गेलो. चांगला आठवडाभर पाहुणचार झोडून परत येतो तर काय, कुंडीत सगळी फळं पिवळी!

"चोरी!" मी गेटवरच बोंब ठोकली. वॉचमन भैरू धावत आला.

"काय झालं सायेब?"

"माझी चेरी पळवली! तिच्या जागी हे फडतूस पिवळं रोप आणून लावलंय कुणीतरी!"

"पर सायेब, कुंडी तर तीच हाय."

"कुंडी तीच असणार! चोर हुशार आहे!"

माझा संशय सरळ श्यामलाकाकूंवर. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या गॅलरीत इतक्या कुंड्या, की कपडे हॉलमध्ये वाळतात. शिवाय बागप्रमुखपदावर त्यांचा डोळा होताच. मी गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण काढायला लावलं. त्यात काकू कुंडीवर वाकल्या, काहीतरी उचललं आणि मूठ झाकून गेल्या! एका मुठीत अख्खं रोप मावत नाही, हे मला फार नंतर सुचलं. तोवर मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून मोकळा झालो होतो: 'बागेत चोरी झाली आहे. वयाचा मान ठेवून नाव घेत नाही. पहिला मजला.'

काकूंचं उत्तर आलं: 'वाळकं पान काढलं. तुम्हाला दिसलं नव्हतं. माझ्याकडे झाडं आहेत, तमाशे नाहीत.'

मी कुंडी साखळीने गेटच्या गजाला बांधली, कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. तरी फळं नारिंगी झाली! मग त्यातली काही लाल! कुलूप शाबूत आणि फळं लाल! बाईंनी दुसरी किल्ली बनवली, अशी माझी खात्रीच पटली आणि तीही मी ग्रुपवर टाकली.

काकू खवळल्या. रविवारी पार्किंगमध्ये सभा बोलावली गेली. त्यांचं म्हणणं एकच, "आरोप सिद्ध करा, नाहीतर पद सोडा." कुंडी मध्यभागी ठेवली. सेक्रेटरी दिग्विजय, आयटीतला पोरगा, खाली वाकून बघायला लागला.

"काका, एक मिनिट. वर बघा, नवीन फ्रूट पर्पल आहे. खाली यलो, ऑरेंज, एकदम खाली रेड. सेम प्लांट आहे, काका. फ्रूट पिकतंय, बाकी काही नाही."

"सापडला चोर," काकू म्हणाल्या. "ऊन."

लोक खो खो हसले. पद हातातून निसटताना मला स्पष्ट दिसलं आणि मी जे करायला नको तेच केलं. उठून उभा राहिलो.

"अर्थात! जांभळी चेरी पिकताना रंग बदलतेच! मी तुमची परीक्षा घेत होतो! लाल झाली की साखरेसारखी लागते. हे बघा!"

सगळ्यात लाल फळ तोडलं, तोंडात टाकलं आणि चावलं.

"अहो!" मागून हेमा ओरडली आणि दूध आणायला वर धावली.

क्षणभर काहीच झालं नाही. मी हसलोसुद्धा. आणि मग, आई गं! जिभेवर निखारा ठेवून कुणीतरी वर फुंकर घालत होतं! आवाज बसला. डोळ्यांना धारा लागल्या. त्या मी पुसल्या, आणि पुसल्या त्याच बोटांनी! मी गुडघ्यांवर आलो. काकूंच्या हातात पाण्याची बाटली होती. ती मिळावी म्हणून मी त्यांच्यापुढे हात जोडले.

काकूंचा चेहरा एकदम पालटला. "अहो महिपतराव! उठा, उठा. एवढं मनाला लावून घेतात का? होते चूक माणसाकडून."

मी आणखी जोरात रडलो.

"काका काय इमोशनल आहेत यार," दिग्विजय नाक ओढत म्हणाला.

"पद यांच्याकडेच राहू द्या," काकू डोळे टिपत म्हणाल्या. "इतक्या हळव्या माणसाच्या हातात झाडं सुखी राहतील."

"एकमताने!" सगळे ओरडले. टाळ्या! तोंडात वणवा पेटला होता, पण काळजाला काय गारवा वाटला म्हणून सांगू!

"भांडण मिटलं, आता तोंड गोड करा सगळ्यांचं," काकू म्हणाल्या. "पेढे कशाला हवेत? ही आहे की साखरेसारखी चेरी!"

मी दोन्ही हात हलवले. नको, नको! आवाज फुटेना.

"बघा, स्वतःला नको म्हणतायत, आधी आपल्याला देतायत!" काकूंनी लाल फळं खुडली, भराभरा वाटली, आणि अख्ख्या सभेने एकदम तोंडात टाकली.

आमच्या सभेत इतकी शांतता कधी झाली नव्हती. मग जे काही झालं ते मी लिहीत नाही. हेमा दुधाचा एकच पेला घेऊन खाली आली, सगळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो काकूंना दिला.

पद तासाभरात गेलं. तेही एकमताने, फक्त खुणांनी. बागप्रमुख आता श्यामलाकाकू आहेत.

पण नवं रोप आणलं की काकू आजही आधी मलाच बोलावतात! मीही मागे हटत नाही, ठणकावून नाव सांगतो. काकू म्हणतात, एक नाव तरी पक्कं बाद होतं, तेवढाच वेळ वाचतो.