गोदू तरसिणीच्या घरचा पास्ता

एका जंगलात, म्हणजे जिथे आता रिसॉर्ट झालंय आणि मागच्या बाजूला थोडंसं जंगल उरलंय तिथे, गोदू नावाची एक तरसीण राहायची.

तरस म्हणजे कोण, माहीत आहे ना? नाही? धन्य तुमची शाळा! तरस म्हणजे काहीही खाणारा प्राणी. उरलंसुरलं, हाडं, शिंगं, खूर, सगळं. पानात काही टाकत नाही. तुमच्यासारखा दोडका बघून नाक मुरडत बसत नाही.

गोदूला दोन पिल्लं होती, डब्या आणि छबी. दोघं गुणी. समोर ठेवलं की खायची, ढेकर द्यायची आणि खेळायला पळायची. गोदूचा नवरा केरबा रोज रिसॉर्टच्या मागच्या उकिरड्यावर जायचा आणि मिळेल ते घेऊन यायचा. सगळं छान चाललं होतं. मग गोदू पाणवठ्यावर आयांच्या कट्ट्यावर जायला लागली आणि घराला दृष्ट लागली.

कट्ट्यावर मधोमध इरावती वाघीण बसायची. ती एकच गोष्ट बोलायची, पण फार छान बोलायची.

"आमचा अबीर ना, काही म्हणजे काही खातच नाही हो!"

बिबटीण लगेच म्हणायची, "आमची तरी कुठे! तोंड उघडेल तर शपथ." अस्वलीण म्हणायची, "आमच्याला मध आवडत नाही. बोला आता!" जिचं पिल्लू जास्त उपाशी, तिला बसायला वरचा दगड. असा तिथला रिवाज होता.

वरचा दगड अर्थातच इरावतीचा. तिने अबीरला भरवायला एक कावळा आणि एक चिमणी कामाला ठेवली होती. "हा घास काऊचा" म्हटलं की कावळा पुढे सरकायचा. "हा घास चिऊचा" म्हटलं की चिमणी. अबीर तोंड फिरवायचा आणि घास ती दोघं खायची. कावळ्याला हल्ली उडताना धाप लागायची.

एके दिवशी इरावतीने विचारलं, "गोदूताई, तुमची खातात का हो?"

आता काय सांगणार बिचारी? काल डब्याने सांबराचं शिंग खाल्लं आणि वर रिसॉर्टच्या मॅनेजरची चप्पल खाल्ली, हे सांगणार? तिच्या तोंडून निघून गेलं, "छे हो! आमची तर वाससुद्धा घेत नाहीत."

मग इरावती थोडी सरकली आणि तिने गोदूला वरच्या दगडावर जागा दिली. गोदूला जन्मात कुणी जागा दिली नव्हती. तरस आलं की सगळे नाकाला पंजा लावायचे. तिला फार बरं वाटलं हो. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं असतं.

"मग शनिवारी तुमच्याकडेच जमू," इरावती म्हणाली. "हल्ली नवीन पद्धत आहे. मुलांना स्वयंपाकात घ्यायचं. स्वतः केलेलं असलं की मूल खातं म्हणे. क्रीमचा सॉसेज पास्ता करू. बघू तरी कुणाचं खातं ते!"

गोदूने घरी येऊन केरबाला सगळं सांगितलं. शनिवारी पोरं पातेल्यासकट पास्ता खाणार. खोटं उघडं पडणार आणि दगड जाणार.

केरबा म्हणाला, "अगं, पोरं जेवतात. चोऱ्या करतात का? लपवायचं कशाला?"

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही उकिरड्यावर असता."

केरबा गप्प बसला. शहाणे नवरे बसतात. तो गेला आणि पास्ता, सॉसेज, क्रीम, चीज सगळं घेऊन आला. पाकिटावरची तारीख उलटली की रिसॉर्टवाले टाकून देतात आणि तरसाला तारीख वाचता येत नाही.

गोदूने पिल्लांना समोर बसवलं. "शनिवारी पाहुण्यांसमोर खायचं नाही."

"म्हणजे थोडंच खायचं?" डब्याने विचारलं.

"अजिबात नाही. तोंड फिरवायचं आणि नको म्हणायचं. आईची शप्पथ आहे."

मग सराव झाला. छबीच्या नाकासमोरून हाड गेलं आणि ती "नको" म्हणाली. म्हणताना तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळलं. गोदू ते हाड तिला देणारच होती. पण दगड आठवला आणि तिने पुन्हा हाड फिरवलं.

शनिवार आला. सगळ्या आया आल्या, पिल्लं आली. कावळा आणि चिमणी आली. रानडुकरीण तेवढी बोलावली नव्हती. सॉसेज कशाचं असतं, ते घरी आईला विचारा.

चुलीवर पाणी उकळलं. बिबटिणीच्या लेकीने मीठ टाकलं, मग तिच्या आईने ते तिच्या पंजातून काढून बेताने टाकलं. अस्वलाच्या पोराने चीज किसलं, म्हणजे अस्वलिणीने किसलं आणि पोराने किसणी धरली. अबीरने सॉसेज कापायचं होतं. "सुरी नको हं राजा, लागेल," इरावती म्हणाली. वाघाच्या बछड्याला, बरं का! ज्याला जन्मापासून नखं आहेत त्याला.

सॉसेजचे काप लसणावर पडले. चुर्र झालं आणि क्रीम ओतलं. असा वास सुटला म्हणता! डब्या आणि छबी एकमेकांचे पंजे घट्ट धरून बसली. छबीची लाळ जमिनीवर पडत होती. गोदू तिच्यापुढे पदर करून उभी राहिली.

ताटं वाढली.

"डब्याबाळ, खा ना," अस्वलीण म्हणाली.

"नको," डब्या म्हणाला.

झालं! सगळ्या आया धावल्या. बिबटिणीने हत्तीची गोष्ट सांगितली. अस्वलीण उठून नाचली. इरावती स्वतः म्हणाली, "एकच घास, माझ्या सोन्या!" डब्या बघतच राहिला. आजवर त्याला कुणी सोन्या म्हटलं नव्हतं. जेवणाऱ्या पोराला कोण म्हणतं?

या गडबडीत अबीरकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडासमोर कुणाचा हात नव्हता. त्याने समोर पाहिलं. भूक लागली होती, म्हणून तो जेवला. मग डब्याचं ताट जेवला, छबीचं जेवला आणि पातेलं ओढून तळाची खरवडसुद्धा काढली.

"आई, अजून आहे?"

इरावती मटकन खाली बसली. सगळ्या आया माना खाली घालून निघाल्या, कुणाच्या मयताला आल्यासारख्या. जाताना बिबटीण हळूच म्हणाली, "वाटलं नव्हतं हो अबीरचं असं."

गोदू जिंकली. दुसऱ्या दिवशी केरबा पोरांसाठी नळीचं हाड घेऊन आला.

"नको," डब्या म्हणाला.

"अरे, पाहुणे गेले! खा आता," गोदू म्हणाली.

"आधी बाबांना नाचायला सांग."

"मला हत्तीची गोष्ट," छबी म्हणाली.

केरबा नाचला. दिवसभर उकिरडा उपसून आलेला बाप नाचला. डब्याने एक घास घेतला आणि तोंड फिरवलं. संध्याकाळी तेही नाही. आठवडाभरात छबीची हाडं दिसायला लागली. गोदू रडली, ओरडली, पाया पडली. पोरं म्हणाली, "नको."

पाणवठ्यावर ती कशीबशी गेली. "खरंच हो," ती हुंदके देत म्हणाली, "खरंच काही खात नाहीत."

"किती मनापासून सांगतात गोदूताई!" अस्वलीण म्हणाली. आणि अख्खा वरचा दगड तिला मिळाला. इरावती आता तिकडे फिरकत नव्हती. ती अबीरला बांबूच्या बेटामागे जेवायला घालायची, कुणाला दिसू नये म्हणून.

गोदू घरी आली तर दारात कावळा बसलेला, चोच पुसत.

"ताई, वाघीणबाईंकडचं काम सुटलं," तो म्हणाला. "तुमच्याकडे निघालंय असं ऐकलं."

तात्पर्य: मूल जेवलं तर फक्त त्याचंच पोट भरतं. नाही जेवलं तर कावळ्याचं भरतं, चिमणीचं भरतं आणि आईला मान मिळतो. म्हणून बाळांनो, दुसऱ्याच्या भल्यासाठी शहाण्या मुलाने ताट सारावं. तुम्ही मात्र आज दोडका मुकाट्याने खा. आपल्याला कावळा परवडत नाही.