सोनावणेकाकांचा टिपकागद

सोनावणेकाका जिन्यात समोरून आले की आमच्या सोसायटीतल्या बायका डोक्यावरून ओढणी घ्यायच्या. नवख्या माणसाला वाटावं, काय हा वडीलधाऱ्यांचा मान. तसं काही नव्हतं. काकांच्या हातात टिपकागद असायचा आणि तो ते कोणाच्या डोक्यावर दाबतील याचा नेम नसायचा.

म्हणजे आधी विचारायचे, अगदी सभ्यपणे. "आपले केस तेलकट की कोरडे?" कोरडे म्हटलं की "बरं, चला" म्हणून सोडून द्यायचे. मी पहिल्याच दिवशी खरं बोलले आणि फसले. बिबवेवाडीतली आमची इमारत बिनलिफ्टची, काका दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या, त्यामुळे मला त्यांना चुकवायला दुसरी वाट नाही. शिवाय मी रोज हेल्मेट घालून स्कूटरवरून ऑफिसला जाणारी. सकाळी धुतलेले केस संध्याकाळी भजी तळून काढल्यासारखे होतात. तेलकट केसांसाठी शाम्पू शोधणाऱ्या काकांना माझ्यासारखं डोकं हवंच होतं.

"काका, मला ऑफिसला उशीर होतोय."

"केसही ऑफिसलाच चाललेत ना? मग थांबा मिनिटभर."

कागद टाळूवर दाबायचा, मनात दहा आकडे मोजायचे, मग तो उजेडात धरून तेलाचा डाग किती पसरला ते बघायचं. काकांचा जन्म पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत गेला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडातून "नमुना अपुरा आहे" हे वाक्य गेलेलं नाही. समोरच्यांचा जावई चांगला आहे म्हणावं, तर "एकाच दिवाळसणाला आलाय, नमुना अपुरा आहे." माझ्या हातची आमटी एकदा चाखली आणि हेच म्हणाले. मी पुन्हा पाठवली नाही. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर कानामागे जी पांढरी झालर उरली आहे, तीही अपुरा नमुना म्हणून त्यांनीच बाद केली होती.

तर टक्कल पडलेल्या माणसाला तेलकट केसांचा शाम्पू कशाला हवा? तो हवा होता त्यांच्या बायकोसाठी, सुलभाकाकूंसाठी.

काकू गेल्या वर्षी मोरीत घसरल्या. खांदा जुळला, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. त्यांची वेणी कमरेखाली येणारी, जाड, आणि मुळातच तेलकट. काका त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून न्हाऊ घालायचे. बहात्तराव्या वर्षी ते आठवड्यातून दोनदाच जमायचं, तिसऱ्यांदा कंबर संपावर जायची. आणि केस तर दुसऱ्या दिवशीच चिकट. काकूंना खाज सुटायची, हात पोचायचा नाही, मग त्या उशीवर डोकं घासत पडून राहायच्या. मला ते बघवायचं नाही.

मुलगी नागपूरला. तिने फोनवर सरळ सांगितलं, "आईचे केस कापून टाकू या, बाबा. मी मे महिन्यात आले की पार्लरवालीलाच घरी बोलावते." त्यावर काकांनी मुदत मागून घेतली. मे महिन्यापर्यंत तीन दिवस केस स्वच्छ ठेवणारा शाम्पू सापडला तर वेणी राहणार, नाहीतर जाणार.

मग सुरू झालं संशोधन. दुकानादुकानांतून शाम्पूच्या पुड्या आल्या. त्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत ओतून वर फक्त क्रमांक चिकटवले, कारण "नाव कळलं की माणूस पक्षपाती होतो." दर रविवारी माझ्या दाराशी एक बाटली यायची आणि बुधवारी टिपकागद. लिंबाचा, शिकेकाईचा, मुलतानी मातीचा. सहा नंबरने माझे केस झाडूसारखे झाले, नऊ नंबरला फिनेलचा वास होता. पण अकरा नंबर, खरं सांगते, फार छान निघाला. तिसऱ्या दिवशीही कागद जवळजवळ कोरडा. काकांचा चेहरा असा उजळला की मला माझ्याच केसांचा अभिमान वाटला.

काकूंवर मात्र अकरा नंबर चालेना. दुसऱ्या दिवशी सकाळी डाग जसाच्या तसा.

काका हटले नाहीत. टाकीचं पाणी तपासलं. उशीचे अभ्रे रोज बदलले. पंधरा दिवस घरातली कढई माळ्यावर टाकली, तेव्हा वड्याच्या आठवणीने काकू माझ्याकडे रडल्या. कंगवे उकळले. डाग हलला नाही. "तुमच्या डोक्यात चालतो, हिच्या डोक्यात चालत नाही," काका हताश होऊन म्हणाले. माझ्या डोक्याबद्दल ते पहिल्यांदाच चांगलं बोलत होते, पण मला ते ऐकवलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. गॅलरीत काकू खुर्चीवर बसलेल्या, नुकत्याच न्हालेल्या, केस पाठीवर मोकळे. मागे काका उभे. त्यांनी केस पंच्याने टिपले, विंचरले, गुंता हळूहळू सोडवला. आणि मग वाटीतलं खोबरेल तळव्यावर घेऊन काकूंच्या टाळूवर थापायला लागले. थप, थप, थप. चांगलं पसाभर तेल.

"काका," मी म्हणाले, "हे तेल?"

"तेल कुठे? टाळू भरतोय," काका म्हणाले. "न्हाल्यावर टाळू कोरडी ठेवायची नसते, डोकं दुखतं. आमची आई आम्ही मोठे झाल्यावरही भरायची."

"दर वेळी घालता?"

"दर वेळी. न्हाणं म्हटलं की टाळू आलीच."

ज्या माणसाने टाकीपासून कढईपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला, त्याला स्वतःचा तळवा दिसला नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

काका पंचा वाळत घालायला आत गेले.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"डोकं माझंच आहे गं."

"मग सांगा ना त्यांना. तेल बंद केलं की वेणी वाचेल."

"तेल बंद केलं की हातही बंद. हा माणूस विनाकारण हात ठेवणाऱ्यातला नाही." काकूंनी दाराकडे एकदा बघून घेतलं. "पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला. कामावरून यायचे, जेवायचे, झोपायचे. वाईट वागले नाहीत कधी. पण डोक्यावरून हात फिरवलेला मला आठवत नाही. आता आठवड्यातून दोनदा फिरवतात."

"पण वेणीचं काय?"

"वेणी पाठीमागे असते, मेघा. मी ती कधी धड बघितलीसुद्धा नाही. हात मात्र कळतो."

मी डबा ठेवून वर आले.

मे महिन्यात मुलगी आली, पार्लरवालीही आली. कात्री चालू असताना काका जिन्यात उभे होते. केस कापल्यावर काकू एखाद्या शाळकरी मुलीसारख्या दिसत होत्या आणि सगळ्यांना तसं विचारतही होत्या. संध्याकाळी काका उरलेल्या बाटल्या घेऊन माझ्याकडे आले.

"ठेवा तुम्हाला. माझा प्रयोग फसला, मेघाताई. तिचे केस काही मला वाचवता आले नाहीत."

त्यांचे डोळे भरले होते. सगळं सांगून टाकावं असं मला फार वाटलं. पण मी काकूंना शब्द दिल्यासारखाच होता.

"काका, एका प्रयोगावरून ठरवू नका," मी म्हणाले. "नमुना अपुरा आहे."

ते जरासे हसले. मी भीत भीत विचारलं, "आता टाळू भरायची गरज नसेल?"

"गरज नाही कशी?" काका एकदम ताठ झाले. "उलट आता तेल नीट मुरतं."

हल्ली काकूंचे केस चार बोटांएवढे आहेत. दर रविवारी नि गुरुवारी खालच्या गॅलरीतून थप थप असा आवाज येतो आणि बराच वेळ येत राहतो. एवढ्याशा केसांना इतकं तेल लागत नाही.